औशातलं सिंगापूर

"चहाचे तीनशे," सुकन्यानं कप टेबलावर ठेवत सांगितलं. बसलिंगप्पानं आधी पैसे दिले, मग फुंकर मारली.

सोमवार होता. औशातल्या स्वतःच्या घरात त्याचा सिंगापुरातला पहिला दिवस सुरू झाला होता.

खरं सिंगापूर तीन आठवडे लांब होतं. दुकानातून सोयाबीनच्या बियाण्याच्या हजार पिशव्या खपवल्या म्हणून कंपनीनं त्याला सात दिवसांची सहल दिली होती. विमान आणि हॉटेल कंपनीचं, वरखर्च ज्याचा त्याचा. बायकोला न्यायचं तर दुसऱ्या सीटचे सत्तर हजार भरायचे. सुकन्यानं दोन वर्षांपूर्वीच पासपोर्ट काढला होता आणि अधूनमधून त्याची कोरी पानं चाळून बघायची. बसलिंगप्पानं तिला शांतपणे समजावलं की सत्तर हजार घरात नाहीत, दुकानात नाहीत आणि शोधून सापडतील अशा कुठल्याही ठिकाणी नाहीत. नावं नक्की करायला कंपनीचा रविकिरण रविवारी संध्याकाळी फोन करणार होता.

वरखर्चाला त्यानं चाळीस हजार बाजूला काढले. चाळीसच्या वर एक रुपया जाणार नाही, असं अख्ख्या मोंढ्यात, बाजारातल्या दुकानोदुकानी, सांगून आला. मोंढा म्हणाला, सिंगापूर लई महाग हाय. म्हणून त्यानं घरात तालीम ठरवली. सात दिवस सिंगापूरचे भाव. सुकन्यानं मोबाईलवर बघून दर लावायचे, त्यानं मोजायचे. पैसे खरेच द्यायचे, कारण खोटे देताना पोटात काही होत नाही. आणि बायकोला दिलेले पैसे म्हणजे घरातलेच, हे तो व्यापारी असल्यामुळं त्याला पक्कं ठाऊक होतं.

सुकन्या आधी त्याला येडा म्हणाली. मग तिनं विचारलं, नियम समदे तिथलेच लावायचे का. हाव, म्हणाला तो. त्यानंतर ती दोन तास मोबाईल घेऊन बसली.

पाण्याच्या बाटलीला दीडशे गेले. वरणभात नऊशेला पडला. दुकानापर्यंत स्वतःच्याच स्कूटरवर बसायचे आठशे, कारण ती आता टॅक्सी होती. सोमवारी साडेचार हजारांत भागलं. मंगळवारी तो मोंढ्यात पायी गेला, एक चहा गाळला आणि तीन हजारांतच दिवस काढला. त्या आनंदात संध्याकाळी त्यानं तंबाखू मळली आणि अंगणातल्या भिंतीच्या कडेला एक पिचकारी मारली.

सुकन्या मोबाईल घेऊन दारात उभी होती. दंड वीस हजार.

"भिंत माझी हाय," तो म्हणाला.

"ह्या आठवड्यात सरकारची हाय."

बुधवारी तो संडासातून बाहेर आला तेव्हा ती पुन्हा उभी होती. पाणी न सोडल्याचे दहा हजार. तो आत गेला, पाणी सोडून आला. ते धरलं गेलं नाही. संध्याकाळपर्यंत चाळीसच्या चाळीस संपले होते आणि सिंगापूरचे चार दिवस बाकी होते.

सुकन्यानं त्याला हॉटेलच्या खोलीत, म्हणजे मधल्या खोलीत, रविवारपर्यंत उपाशी बसायचा पर्याय दिला. तो सव्वा तास बसला. मग स्वयंपाकघरात मटकीला फोडणी बसली. तो उठला, दुकानात गेला आणि तीस हजार घेऊन आला. कुठून आणले, हे तिनं विचारलं नाही. मोजून घेतले आणि ताट वाढलं.

गुरुवारी तंबाखूवाचून त्याचं डोकं दुखायला लागलं. गोळीचे काही पडले नाहीत. डॉक्टरची फी आठ हजार पडली. डॉक्टर सुकन्याच होती. शुक्रवारी तो गच्चीवर गेला, चारी बाजूंना नीट बघितलं आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर थुंकला. खाली आला तर तिनं सांगितलं की सिंगापुरात कॅमेरे असतेत, आणि दुसऱ्या वेळेला दंड दुप्पट. तो दुकानात जाऊन चाळीस हजार घेऊन आला.

शनिवारी तो आदर्श नागरिक झाला होता. बडीशेपेचा कागद खिशात ठेवायचा. ओसरी ओलांडताना दोन्हीकडं बघायचा.

रविवारचं शेवटचं जेवण झालं. बिल दिल्यावर हातात एक रुपयाही उरला नाही. त्यानं कागदावर बेरीज मांडली. एक लाख दहा हजार. थोडं जास्तच झालं खरं, पण आता सिंगापूर कळलं होतं. तिथं गेल्यावर एक पैसा वावगा जाणार नव्हता. त्यानं समाधानानं ढेकर दिला आणि हात पुढं केला. "आन इकडं आता. उद्या सकाळी गल्ल्यात ठेवतो."

"सिंगापुरात दिलेले पैसे परत देतेत का कुठं?"

तो हसला. ती हसली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. रविकिरण होता. बसलिंगप्पा त्याला म्हणायला लागला की नाव एकच धर, घरात पैसे न्हाईत. आपण काय बोलतोय हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत सुकन्यानं त्याच्या हातातून फोन काढून घेतला होता.

"दोन नावं धरा, भाऊ," ती म्हणाली. "सीटचे सत्तर सकाळी येऊन घेऊन जावा. चाळीस मला वरखर्चाला ऱ्हातेत."

पलीकडून रविकिरणनं काहीतरी विचारलं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो अजून हात पुढं करूनच बसला होता.

"न्हाई, त्यांना काय लागत न्हाई," ती म्हणाली. "त्यांचा समदा खर्च इथंच झाला. ते तिथं नुसतं बघतील."