मागच्या खोलीतला पंखा

त्या वर्षी धरण आटलं होतं आणि पुंडलिकनगरात टँकर येईल तेव्हाच पाणी मिळायचं. उन्हानं आणि कामानं वैदेही पार थकून गेली होती. लोक घरातली वीज कशी वाचवतात, याच्या अभ्यासासाठी तिनं संगणकावर एक खेळ तयार केला होता. पडद्यावर एक रिकामं घर दिसायचं. त्यातलं काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं, ते खेळणाऱ्यानं ठरवायचं.

तिच्याकडं खेळायला जो येई तो सगळं बंद करी, पण मागच्या खोलीतला पंखा तेवढा चालू ठेवी.

कारण विचारलं की उत्तर एकच. "राहू द्या मॅडम, तिला लई उकडतंय."

"कुणाला?" म्हटलं की लोकच वैदेहीकडं नवलानं बघत.

असंच चाललं तर सगळा अभ्यास वाया जाणार होता. शेवटी वैतागून वैदेहीनं तो पंखाच खेळातून काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शहागंजातले कापड दुकानदार बद्रीनाथ पहिल्यांदाच खेळायला आले. मागच्या खोलीशी येताच त्यांचा हात थबकला.

"इथला पंखा काढला व्हय तुम्ही?"

वैदेही दचकली. "हो काका. त्या खोलीत कुणीच नाही."

"आता नाय," बद्रीनाथ हळूच म्हणाले. "उकडलं म्हणून बाहेर आली ती."

वैदेहीच्या खांद्यामागं बघत ते अदबीनं खुर्चीवरून उठले.

"बसा बाई," ते म्हणाले, "इथं जरा वारं आहे."