मिस्सेचा मान

"खेड्यात घर घेऊ नकोस," चिन्येरे म्हणाली होती. "डब्लिनमध्ये शिवी तरी तोंडावर देतात. तिकडे तुला चहा देतील, आणि तुला ओलांडून पुढे जातील."

अदाओबीने मावसबहिणीचं बोलणं हसण्यावारी नेलं होतं. "चहा देतात ना? मग झालं."

आता ती ब्रीड मल्वीच्या स्वयंपाकघरात उभी होती आणि हातात चहाच होता. मिस्सा, म्हणजे फादरनी चालवलेली ख्रिस्ती उपासना, नुकतीच संपली होती. डब्लिनपासून दूर, लेट्रिम परगण्यातल्या त्या वाडीत वसंतात एकदा आणि शरदात एकदा फादर कुणाच्या तरी घरी येऊन मिस्सा करत. रस्त्याच्या क्रमाने एकेका घराला मान. ज्याचा मान त्याने घर रंगवायचं, शेजारपाजार जेवू घालायचा. चहा संपता संपता फादर पुढचं घर सांगत.

ब्रीडच्या पुढचं घर अदाचं. मागच्या आठवड्यात बाळ झोपल्यावर तिने पुढचं दार पिवळंधमक रंगवून टाकलं होतं. नखांत अजून रंग होता.

तिचा कामसी ब्रीडच्या कडेवर होता. आपल्या काळ्या पोराला कोण जवळ घेतं आणि कोण नुसते केस चाचपून बघतं, यावर अदाची कायम नजर. ब्रीडने मात्र न विचारता उचललं होतं, आणि कामसी तिच्या चष्म्याची दोरी चघळत होता.

टेबलापाशी फिंटन रेगन तापला होता. "रेडिओवर ती बाई म्हणते, काळ्या माणसांचा दुस्वास देशभर पसरलाय. देशभर! अगं, आपल्या संघातल्या त्या काळ्या पोराने फायनल जिंकून दिली, तेव्हा त्याला खांद्यावर कोणी नाचवलं? आपणच ना?"

"आणि त्याच्या हातून चेंडू सुटला तेव्हा कुंपणावरून काय ओरडत होतात, तेही सांग की," ब्रीड म्हणाली.

"चेंडू सोडला तर मी माझ्या पुतण्यालाही सोडत नाही."

"पुतण्याला कुणी 'आपल्या देशात परत जा' म्हणत नाही."

"ते मी नाही ओरडलो. शेजारचा ओरडला."

"आणि तू काय केलंस?"

फिंटनने विरघळून गेलेली साखर पुन्हा ढवळली. "शहरात असेल तसलं काही. आपल्याकडे नाही. ही अदा इथेच आहे, तिलाच विचारा. बोल पोरी, आहे का तुला काही त्रास?"

सगळे वळले. वाडीच्या वतीने साक्ष द्यायची, तीही चहाचा कप हातात धरून.

"चहा छान झालाय," अदा म्हणाली. सगळे हसले, सुटल्यासारखे.

फादरनी कपावर चमचा वाजवला. "शरदातली मिस्सा फिंटनकडे."

ब्रीडनंतर अदा, मग म्हातारा पॅकी, मग कुठे फिंटन. अदाने कप खाली ठेवला.

"फादर, मधलं घर राहिलं."

ब्रीड लालबुंद झाली. "अगं, मीच सांगितलं त्यांना. तान्हं पोर, नवरा रात्रपाळीला. तुला कशाला त्रास द्यायचा..."

"मला विचारलं नाहीत तुम्ही."

"विचारलं असतं तर भिडेखातर हो म्हणाली असतीस. म्हणून तर नाही विचारलं."

"हो म्हणाले असते. भिडेखातर नाही."

"हे बघ," फिंटन मध्ये पडला, "यात रंगाचा काही संबंध नाही. पॅकीचंही घर सोडतोच की आम्ही, वर्षानुवर्षं. तो तर दुधासारखा गोरा!"

हशा पिकला. चुलीच्या कोपऱ्यात गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेला पॅकी हसला नाही. लग्न न केलेला, एकटा राहणारा माणूस. अदाने त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षं ती त्याची शेजारीण होती, आणि हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे ओलांडलेले दोघं झालो," ती म्हणाली. "मग क्रम रस्त्याप्रमाणेच लावा. शरदात माझ्याकडे, माझं दार रंगवून झालंय. वसंतात पॅकीकडे."

"पॅकीकडे?" फिंटन म्हणाला. "त्याच्याकडे धड कप तरी आहेत का?"

"आहेत." चुलीकडून आवाज आला. "आईचे. पुसून ठेवतो. कुणी विचारलंच नाही."

चष्म्याची दोरी कामसीच्या तोंडातून सोडवायला ब्रीडला एकाएकी फार वेळ लागू लागला.

"शरदात अदाओबीच्या घरी," फादर म्हणाले. "वसंतात पॅकीच्या."

"मी टार्ट आणीन," ब्रीड पुटपुटली.

"काही आणू नका. माझ्या घरचा मान आहे. तुम्ही नुसत्या या. भात तिखट असेल, सांगून ठेवते."

"आणि रेडिओवरच्या त्या बाईला मी काय कळवू?" फिंटनने विचारलं.

"कळवा, चर्चा चालू आहे. पुढची बैठक पिवळ्या दाराच्या घरात."

यावेळी ब्रीड सगळ्यांत आधी हसली. अदाने कामसीला घेतलं आणि मान ताठ ठेवून घरी गेली. पिवळं दार वळणावरूनच दिसत होतं.

अजूनही दिसतं. त्या रस्त्याने गेलात तर तीही तुम्हाला दिसेल, कडेवर पोर घेऊन दारात उभी. तुम्ही कोण, कुठले, हे नंतर विचारेल. आधी म्हणेल, "पुढे चाललाच आहात, तर जरा पॅकीच्या अंगणात डोकावून जा. वसंत अजून लांब आहे, पण त्याने भिंती रंगवायला काढल्यात. तो शिडीवरून नीट उतरलाय ना, तेवढं बघा."