साठवून ठेवलेलं पान

“अहो काका, तो फोटो वेबसाइटवरून केव्हाच काढलाय! माझ्या फोनवर तपासलं, नवऱ्याच्या फोनवर तपासलं, कुठेही दिसत नाही. तुमच्याच कॉम्प्युटरने जुनं पान साठवून ठेवलंय. रिफ्रेश करा!” फोनवर ओरडून ओरडून माझा घसा बसला. पण ज्यांची वेबसाइट मी सांभाळते, ते चष्म्याच्या दुकानाचे मालक आपले ढिम्म. “मॅडम, अजून दिसतोय तो.” तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, भांडून त्याने समोरच दुसरं दुकान थाटलं, म्हणून काकांनीच दोघांचा फोटो काढायला सांगितला होता. शेवटी डोकं फिरलं आणि मी दुकानात जाऊन थडकले. पडद्यावर दोघे भाऊ पायरीवर बसून हसत होते. धाकट्याच्या चष्म्याला किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती. “एकच बटण दाबायचं होतं हो!” मी कीबोर्ड ओढला. मालकांनी त्यावर हात ठेवला. “बाकी कुणालाच दिसत नाही ना?” “नाही म्हणून किती वेळा सांगू?” “मग माझ्याकडचा राहू द्या.”