आईचा वाटा

लेकीचं, कुमुदचं, वागणं चंद्रभागाबाईंना अजिबात पटलं नव्हतं. तिला कॅन्सर निघाला तेव्हा नवऱ्याने, भावाने, मैत्रीण रोहिणीने, सगळ्यांनी मनगटाला दुखणं वाटून घेणारी दवाखान्याची पट्टी बांधून तिच्या वेदनेतला आपापला वाटा उचलला होता. सगळ्यात मोठा वाटा अर्थात आईचा. गेल्या आठवड्यात बाईंच्या अंगातली कळ एकाएकी थांबली. लेकीचं दुखणं गेलं असं समजून त्यांनी नवसाची ओटी भरली, गल्लीभर पेढे वाटले.

आज रोहिणी हातात पेढा धरून रडायला लागली.

"मावशी, आजार पसरलाय. कुमुदने तुमची पट्टी बंद करायला लावली."

बाई तडक दवाखान्यात गेल्या. कुमुद भिंतीकडे तोंड करून, ओठ दाताखाली धरून पडली होती.

"आई, आता फार दुखतं गं. या वयात तुला नाही सोसायचं."

"मोठी आली माझं वय काढणारी! देवीसमोर मला खोटं पाडलंस ते पाडलंस. पण तुला जन्माला घालताना कळा दिल्या, तेव्हा कुणाला वाटेकरी घेतलं होतं का मी? आईला चोरून दुखणं सोसायचं, याला माया नाही म्हणत, कुमे, चोरी म्हणतात. दे माझं मला."