अर्धा नळ

पाइपने शंका नोंदवली, म्हणून तपासनीस शेलार वत्सलाबाईंच्या दारात आले. हल्ली पाइपच दाबाची घट मोजून घरातली माणसं किती ते ओळखतात आणि घरमालकाला कळवतात. इथला घरमालक म्हणजे बाईंचा परदेशातला मुलगा. आईच्या दुसऱ्या लग्नाचं नाव काढलं तरी भडकणारा.

“मावशी, एकट्या बाईच्या सकाळी दोन अंघोळी?”

“पाइप गळतोय.”

“गळका पाइप रोज सहा मिनिटांनी आपणहून थांबत नाही.” शेलारांनी खिडकीतला दाढीचा ब्रश पाहून न पाहिल्यासारखं केलं. “नळ अर्धाच सोडत जा. धार निम्मी केली की दाबाची घट चौथाईवर येते. पाइपला पत्ता लागायचा नाही.”

न्हाणीतून पुरुषी आवाज आला, “मग अंघोळीला दुप्पट वेळ लागेल.”

“लागू दे,” बाई म्हणाल्या, “आपल्याला कुठं जायचंय?”