लिंबाखालची माती

कडुबाने खांद्यावरची कुदळ उतरवली आणि थेट बांधावरच्या लिंबाखाली खणायला घेतलं.

"तिथं नको, कडुबाकाका," चारुता म्हणाली. "तपासणीला झाडाखालची माती चालत नाही. शेताच्या मधली लागते. पिशवीवरच छापलंय."

"मला कुठं वाचता येतंय? दर साली इथलीच देतो."

तिने पर्समधून मागचा रिपोर्ट काढला. वडिलांच्या, अनंतरावांच्या नावाचा. सेंद्रिय कर्ब : भरपूर. तेराव्यानंतर हाच कागद तिने भावापुढे ठेवला होता. माती चांगली आहे, पाऊस नीट झाला की पिकेल, एवढ्यात प्लॉटवाल्यांना देऊ नको. नवा रिपोर्ट आण, चिन्मय म्हणाला होता, असाच आला तर थांबतो.

"दर वर्षी इथलीच?"

"बैल बांधायची जागा ही. मागल्या दुष्काळात इकले, पर माती बघा अजून." त्याने मूठ उघडली. काळी, ओलसर. "मधल्या रानात काय राह्यलंय? कापसावर कापूस, वर युरिया. शेणखत नाय. धनगराची मेंढरं बसायची, ती बी बंद झाली. त्यांची वाटच प्लॉटच्या भिंतीनं आडली. एकरी धा क्विंटल निघायचा. आता तीन झाला तरी लई."

"बाबांना माहीत होतं?"

कडुबा कुदळीला चिकटलेली माती अंगठ्याने काढत राहिला.

"आण्णांनीच जागा दाखवली. म्हणले, रिपोर्ट चारूला धाडायचाय. चांगल्या जागची घे."

चारुताने कागदाची घडी घातली. दवाखान्यातूनही ते फोनवर 'ठणठणीत आहे' एवढंच सांगायचे.

कडुबाने पिशवीत तीन-चार ओंजळी टाकल्या. "भरू का? चिन्मयदादाला काय कळतंय."

बांधापलीकडे प्लॉटच्या हद्दीचे, चुना लावलेले दगड ओळीने उभे होते. एक ओळ गेल्या वेळी नव्हती. तिने पिशवी हातात घेतली. जड होती. मग तिने ती लिंबाच्या बुडाशी उलटी केली. कुदळ उचलून ती कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांमधून शेताच्या मध्यापर्यंत चालत गेली.

पहिला घाव उडाला. दुसऱ्याला पांढरट ढेकूळ सुटलं. हातात दाबलं तर फुटेना.

कडुबा मागून आला. तिच्या हातातली कुदळ घेतली, पण खणलं नाही.

"आण्णांनी बी एकदा इथंच खणलं होतं," तो म्हणाला. "लई वेळ बसले खड्ड्यापाशी. मग हातानंच बुजवला."