छातीठोक उत्तर

शिवकन्या कळंबला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायची. कोड लिहायला मदतीला एआय होता, पण तो दोन वर्षांपूर्वीचे नियम आजचे म्हणून छातीठोकपणे सांगायचा. त्याच्या भरवशावर बनवलेलं धान्यबाजाराचं ॲप तीनदा बंद पडलं होतं. आता पुन्हा पडलं, तर काम हातचं जाणार होतं.

शेवटी तिनं एआयला एक नवं टूल जोडलं. ॲप ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे कोडच्या तयार सांगाड्यावर, उभं होतं, त्याची ताजी माहितीपुस्तिका ते एआयपुढं ठेवायचं, आणि ती वाचूनच त्याला उत्तर द्यावं लागायचं. ॲप का बंद पडतं, हा प्रश्न तिनं पुन्हा विचारला.

"जुनी पद्धत बंद झाली आहे. नवी कोणती, ते पुस्तिकेत सापडलं नाही. मला माहीत नाही."

तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि कपाळाला हात लावला. शेजारी बसलेले तिचे वडील, गोरोबाअण्णा, ऐकत होते. मग कंपनीतल्या मॅडमना फोन केला, त्यांनी नवी पद्धत सांगितली आणि ॲप सुरू झालं.

"एवढं करून ह्याला येतंय काय, अण्णा?" ती वैतागून म्हणाली.

गोरोबाअण्णांनी चष्मा काढला.

"त्याला नावं ठिवू नगं, पोरी. बत्तीस वर्षं शिपाई म्हणून साहेबांच्या दारात बसलो, पर 'मला माहीत न्हाय' म्हणणारा साहेब आज पहिल्यांदा ऐकला."